माया ठेवून शिवावं

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा पुष्कळ घरांत झालं तेच आमच्याकडेही झालं. कोपऱ्यातलं पायमशीन गेली कित्येक वर्षं रेडिओ आणि औषधांच्या बाटल्या ठेवायचं टेबल होऊन बसलं होतं. ते मोकळं केलं, पुसलं, तेल घातलं, आणि जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवायला बसले. नात तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळा बंद, त्यामुळे मांडी घालून समोर बसलेली. तिने विचारलं, "आजी, हे मशीन कुणी शोधलं?"

मी इतिहासाची शिक्षिका. असा प्रश्न म्हणजे पर्वणीच! बत्तीस वर्षं नववीच्या वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना जी गोष्ट सांगत आले तीच सांगितली. सिंगर नावाचा एक अमेरिकन माणूस होता, रात्रंदिवस हाताने शिवणाऱ्या बायकोचे कष्ट त्याला बघवेनात, म्हणून त्याने हे यंत्र बनवलं. मुलींना ही गोष्ट फार आवडायची. मलाही आवडायची. शिवाय तिला मोठा आधार होता. यंत्रांवर सडकून टीका करणाऱ्या गांधीजींनी नोव्हेंबर १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त छापलेल्या संवादात शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, ते याच गोष्टीच्या जोरावर. रामचंद्रन नावाच्या शांतिनिकेतनच्या विद्यार्थ्याला त्यांनी सांगितलं होतं की या यंत्रामागे लोभ नाही, प्रेम आहे.

नातीने आईच्या फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "आजी, असं नाहीये. याला तर किती बायका होत्या!"

मी दटावलं तिला. पण मनात कुसळ राहिलं. मग सवडीने वाचत बसले, आणि बत्तीस वर्षं आपण काय शिकवलं याचा चांगलाच उलगडा झाला.

आयझॅक सिंगर हा मुळात नाटकवाला. स्वतःची नाटक कंपनी घेऊन गावोगाव हिंडायचा, हाताला यंत्रकामाचंही अंग होतं. १८५० साली बोस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेलं शिवणयंत्र त्याने पाहिलं, त्यातले दोष काढले आणि १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळवलं. सुई सरळ वरखाली जाते, कापड आडव्या पाट्यावर असतं, आणि पायाने यंत्र चालवता येतं, म्हणजे दोन्ही हात मोकळे. या सोयी लोकप्रिय केल्या त्याने. त्याच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण बायकोचे कष्ट वगैरे काही नाही हो. एकाच वेळी दोन-तीन संसार चालवणारा हा गृहस्थ १८७५ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मुलांची संख्या विसाच्या वर होती.

मग ती शिवणारी बायको कोण? ती होती, पण दुसऱ्याची. एलियस हाउ नावाच्या, प्रकृतीने अशक्त, गरीब कारागिराची. तिचं नाव एलिझाबेथ. तीन मुलं पदरात, नवरा वरचेवर आजारी, म्हणून ती लोकांचे कपडे घरी आणून हाताने शिवायची. तिच्या चालत्या हाताकडे बघत हाउ विचार करायचा असं सांगतात.

हाताच्या सुईला भोक मागे असतं. हाउच्या यंत्रात ते टोकाजवळ आलं. सुई कापडातून खाली जाते, वर येताना दोऱ्याचा छोटा फास करते, त्या फासातून खालचा दुसरा दोरा निघून जातो. झाली टीप! आजही तुमच्या घरच्या मशीनची टीप अशीच पडते. १८४५ साली हाउने बोस्टनमध्ये शिवणकामात तरबेज पाच बायकांशी शर्यत लावली आणि जिंकली. १० सप्टेंबर १८४६ ला पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक मिळेना. तो इंग्लंडला गेला, तिथे फसला आणि १८४९ मध्ये कफल्लक होऊन परतला. एलिझाबेथ तेव्हा क्षयाने अंथरुणाला खिळली होती. थोड्याच दिवसांत ती गेली. पुढे हाउने कोर्टात सिंगरवर मात केली, विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर त्याला पैसे मिळू लागले, तो श्रीमंत झाला. ते बघायला ती नव्हती.

म्हणजे बघा, बायकोच्या कष्टांची गोष्ट खरीच आहे, फक्त आपण सांगतो तशी नाही. नवरा यंत्र जुळवत होता तेव्हा घरात चूल पेटत होती ती तिच्या सुईवर.

आणखी एक उदाहरण सापडलं. घरी शिवणाऱ्यांना वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकण्याचा धंदा १८६३ साली एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने सुरू केला. ही कल्पना त्याच्या बायकोची, एलनची, असं सांगितलं जातं. मुलाचे कपडे शिवताना तिला दर वेळी नव्याने माप आखावं लागे, त्यातून ती निघाली. दुकानावर नाव मात्र बटरिकचं.

हे वाचता वाचता मला आमच्या घरचं मशीन आठवलं. म्हणजे समोरच होतं ते. पण त्याचीही एक गोष्ट होती आणि तीही मी बरीच वर्षं चुकीची सांगत आले होते.

पानशेतचं धरण फुटलं त्या वर्षी, १९६१ साली, साताऱ्यात आमच्या घरी ते मशीन आलं. मी दहा वर्षांची. परदेशी सिंगर तोवर मागे पडत चाललं होतं, कलकत्त्याची 'उषा' घरोघर दिसू लागली होती, तीच आमच्याकडे आली. नानांनी टांग्यातून आणली. नाना कचेरीत कारकून. त्यांच्या एकसष्टीला मी भाषण केलं, त्यात सांगितलं की तुटपुंज्या पगारात आईची हौस म्हणून नानांनी हप्त्यांनी मशीन घेतलं. टाळ्या पडल्या. आई पंगतीच्या तयारीत होती. तिने ऐकलं असावं. बोलली काही नाही.

१९९४ मध्ये नाना गेले. दिवस झाल्यावर आवराआवर करताना मशीनच्या खणात बॉबिन, खडू, हुकांच्या डब्या यांच्याखाली एक तपकिरी वही सापडली. आईचं अक्षर. 'पोलकं, बारा आणे.' 'झबलं-टोपडं, सहा आणे.' 'ब्लाउज, एक रुपया.' आणि दर महिन्याच्या शेवटी 'हप्ता रु. १२' आणि पुढे बरोबरची खूण. अशा वीस खुणा. पहिले पन्नास रुपये नानांचे, पुढचे दोनशेचाळीस आईचे.

मी वही घेऊन तिच्यापुढे बसले. तेव्हा कळलं. कारकुनाची बायको लोकांचे कपडे शिवते हे चारचौघांत दिसू नये एवढी नानांची अट होती. म्हणून ते कचेरीत गेले की मशीन सुरू व्हायचं आणि साडेपाचला त्यावर झाकण पडायचं. हप्ते कुठून जातात हे त्यांनी वीस महिन्यांत एकदाही विचारलं नाही. "म्हणजे त्यांना ठाऊक होतं?" मी विचारलं. आई म्हणाली, "न ठाऊक असायला काय झालं? पगार त्यांचाच नव्हता का!"

मला राग आला होता. म्हटलं, एकसष्टीला मी एवढं बोलले, तू गप्प का राहिलीस? ती म्हणाली, "अगं, दुकानाच्या कागदावर सही त्यांची होती. तीही लागतेच."

हप्त्यांची ही युक्ती सिंगर कंपनीचीच. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने ती १८५६ साली काढली, कारण शंभर डॉलरच्या आसपासचं यंत्र सामान्य घराला एकदम घेणं शक्य नव्हतं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल नावाचे पारशी गृहस्थ पाहत. पण इथे सुरुवातीला मशीन गेलं ते मुख्यतः शिंप्यांच्या दुकानात. घरातली बाई नेसायची लुगडं, त्याला शिवण नाही. खणाची चोळी हाताने शिवून व्हायची. मशीन माजघरात यायला बायकांनी आधी शिवणवर्गात जावं लागलं. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि देवधर यांनी सेवासदन काढलं, तिथे शिवण शिकवत ते याचसाठी, की निराधार बाईच्या हाती चार पैसे यावेत. आईही अशाच एका महिला मंडळाच्या वर्गात शिकली होती.

यंत्राने बायकांचा वेळ वाचला का? अमेरिकेत १८६० च्या सुमारास एका कंपनीने आकडे दिले होते, की पुरुषाचा सदरा हाताने शिवायला चौदा तासांवर लागतात, यंत्रावर सव्वा तास. छानच. पण पुढच्या काही वर्षांत तिथल्या झग्यांवर झालरी आणि चुण्या वाढत गेल्या! वाचलेला वेळ तिकडे गेला. आईचा वाचलेला वेळ वहीत गेला, आणि त्या वहीतून पुढे माझी कॉलेजची फीही गेली. बी. ए. च्या तीन वर्षांची फी तिथे लिहिलेली आहे. ती पानं मात्र मी त्या दिवशी पुढे वाचू शकले नाही.

असो.

नात आता चौदा वर्षांची आहे. यंदा तिने स्वतःचा कुर्ता स्वतः शिवायचं मनावर घेतलंय. तेव्हा आईने मला सांगितलेल्या गोष्टी इथेच लिहून ठेवते. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

एक. सुती कापड आणलं की लगेच बेतायचं नाही. रात्रभर पाण्यात भिजवायचं, न पिळता वाळवायचं, इस्त्री करायची. नाहीतर ते पहिल्या धुण्यात आटतं.

दोन. अंगावर नीट बसणारा एक जुना कपडा उसवा आणि त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून आखा. टेपने घेतलेल्या मापांपेक्षा नवशिक्याला हे सोपं जातं. उसवण्याचा कंटाळा करू नका, उसवताना कपडा कसा जोडलाय ते कळतं.

तीन. कपड्याची लांबी कापडाच्या काठाला समांतर धरा. उभा धागा वाकडा गेला की कपडा अंगावर फिरतो. गळ्याला मात्र तिरपी, म्हणजे उरेब पट्टी लावा, ती गोलाईवर नीट वळते.

चार. आधी त्याच कापडाच्या चिंधीवर टीप मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर वरचा दोरा नीट ओवलाय का ते बघा, मग त्याचा ताण वाढवा. साध्या सुती कापडाला चौदा नंबरची सुई, जाड कापडाला सोळा. तेल घातल्यावरही पहिली टीप चिंधीवरच, नाहीतर नव्या कापडावर डाग पडतो.

पाच. पहिल्यांदाच ब्लाउज शिवायला जाऊ नका. उशीचा अभ्रा, मग परकर, मग झबलं, मग कुर्ता. ब्लाउजचा मुंढा भल्याभल्यांना रडवतो.

सहा. माया ठेवा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात. बाजूच्या शिवणीला निदान इंचभर, वाढत्या मुलीच्या फ्रॉकला खाली तीन इंच. वरून ती दिसत नाही, पण अंग भरलं की तीच उपयोगाला येते. तयार कपड्यांत ती बहुधा बोटभरही नसते.

सात, आणि हे माझं. एक वही करा. कापड किती, दोरा किती, वेळ किती, आणि कुणासाठी शिवलं असेल तर पैसे किती, सगळं तारखेसह लिहा. वर आपलं नाव घाला. इतिहास शिकवणाऱ्या बाईचा एवढा हट्ट पुरवा.

नातीचा अभ्रा शिवून झालाय. एका बाजूची टीप वाकडी गेली होती. उसवून पुन्हा घालायला लावली, तेव्हा थोडी रुसली. येत्या रविवारी परकर घेणार आहोत. कापड आजच पाण्यातून काढून दोरीवर टाकलंय.