परदेशी भिंग परवडेना, म्हणून डोळ्यांच्या हॉस्पिटलनं थेट कारखानाच काढला : मदुराईच्या ऑरोलॅबची गोष्ट

ऐंशीच्या दशकातले गावाकडचे फोटो काढून बघा. एखाद्या आजी-आजोबांच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा हमखास दिसेल. त्या काचेमागचे डोळे भलतेच मोठे दिसायचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, याची ती खूण असायची.

आज मोतीबिंदू काढल्यावर असा चष्मा लागत नाही. डॉक्टर डोळ्याच्या आतच एक छोटं भिंग बसवतात आणि ते जन्मभर पुरतं. हे भिंग एकेकाळी फक्त पैसेवाल्यांच्या नशिबात होतं. ते गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोचवण्यात एका भारतीय कंपनीचा मोठा वाटा आहे. तामिळनाडूतल्या मदुराईच्या या कंपनीचं नाव आहे ऑरोलॅब.

चष्मा फुटला की पुन्हा अंधार

आपल्या डोळ्यात नैसर्गिक भिंग असतं. वयानुसार ते गढूळ होतं, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. जुन्या पद्धतीत डॉक्टर हे गढूळ भिंग काढून टाकायचे, पण त्या जागी काहीच बसवत नव्हते. मग भिंगाचं काम चष्म्यानं करायचं. त्याचा नंबर साधारण अधिक दहाच्या घरात जायचा. वस्तू मोठ्या दिसायच्या, बाजूचं नीट दिसायचं नाही, पायरीचा अंदाज चुकायचा. शेतात काम करताना चष्मा फुटला किंवा हरवला, तर ऑपरेशन होऊनही माणूस पुन्हा आंधळ्यासारखाच.

यावरचा उपाय जगाला तसा कधीच सापडला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेच्या, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकच्या चकत्या घुसायच्या. हे प्लास्टिक डोळा सहन करतो, असं डॉ. हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा कृत्रिम भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. पुढच्या काही दशकांत श्रीमंत देशांत ही पद्धत रुळली. भारतात मात्र गाडी किमतीपाशी अडली.

११ खाटांचं हॉस्पिटल

आता मदुराईत येऊ. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रतज्ज्ञ होते. तरुणपणी संधिवातानं त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती. तरीही खास बनवून घेतलेली उपकरणं धरायचा सराव करून त्यांनी आयुष्यात एक लाखाहून जास्त ऑपरेशन्स केली. १९७६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांनी ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. श्री अरविंदांवरच्या श्रद्धेतून हे नाव आलं. कारखान्याच्या नावातला 'ऑरो'ही तिथूनच आला.

हॉस्पिटलचं गणित सरळ होतं. ज्यांना परवडतं ते पैसे देतील, त्यातूनच बाकीच्यांवर मोफत उपचार होतील. डॉक्टर तेच, ऑपरेशनचा दर्जाही तोच.

पण कृत्रिम भिंग आलं आणि या गणितात फट पडली. परदेशातून येणाऱ्या एका भिंगाला १०० डॉलरच्या आसपास पैसे पडायचे. त्यामुळे पैसे भरणाऱ्या रुग्णाला भिंग आणि मोफत रुग्णाला जाड चष्मा, अशी विभागणी झाली. काही भिंगं देणगी म्हणून मिळायची, पण देणगीवर लाखो माणसांचं काम कसं चालणार? गरीब देशांना कृत्रिम भिंग झेपणारच नाही, त्यांनी चष्म्यावरच भागवावं, असं त्या काळी अनेक तज्ज्ञांचं मत होतं.

१९९२ : कारखाना सुरू

अरविंदनं वेगळा रस्ता धरला. भिंग महाग आहे ना, मग आपणच बनवू! 'सेवा फाउंडेशन' या संस्थेशी जोडलेले अमेरिकन उद्योजक डेव्हिड ग्रीन यांनी परदेशातलं तंत्रज्ञान मिळवण्यात मदत केली आणि १९९२ मध्ये ऑरोलॅब उभी राहिली.

ऑरोलॅबचं भिंग सुरुवातीला १० डॉलरच्या आसपास विकलं जाऊ लागलं. पुढे साध्या भिंगाची किंमत आणखी खाली, काही डॉलरवर आली.

हे जमलं कसं? भिंगाला लागणारं प्लास्टिक अगदी थोडं असतं. खरा खर्च असतो तो यंत्रं, निर्जंतुक खोल्या, घासून गुळगुळीत करण्याचं काम आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी यांवर. हा खर्च हजार भिंगांवर वाटला तर एकेक भिंग महाग पडतं, लाखो भिंगांवर वाटला तर स्वस्त. इतर कंपन्यांना आधी गिऱ्हाईक शोधावं लागतं. ऑरोलॅबचं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून शेजारीच होतं आणि तेही प्रचंड मोठ्या संख्येनं ऑपरेशन्स करणारं. शिवाय आसपासच्या गावांतल्या मुलींना कंपनीतच प्रशिक्षण देऊन हे नाजूक काम शिकवलं गेलं.

आणखी एक मुद्दा मालकीचा. ऑरोलॅब ही विश्वस्त संस्था आहे. शिल्लक राहिलेला पैसा भागधारकांच्या खिशात न जाता कामातच परत येतो. पण माल फुकट वाटला जात नाही. खर्च भरून काढून वर थोडी शिल्लक उरेल, अशीच किंमत लावली जाते. कंपनी एवढी वर्षं टिकली, त्यामागे हे मोठं कारण आहे.

स्वस्त आहे, मग पाणी कुठे मुरतंय?

इतकं स्वस्त म्हणजे माल हलका असणार, ही शंका साहजिक होती. ऑरोलॅबनं त्यावर दोन उत्तरं दिली. एक, भिंगासाठी युरोपातल्या विक्रीला लागणारं सीई मानांकन मिळवलं. दोन, हीच भिंगं अरविंदचे डॉक्टर आपल्या रुग्णांना बसवत होते. काही बिघडलं असतं, तर तक्रार आधी त्यांच्याच दारात आली असती.

आज ऑरोलॅबचा माल १०० हून अधिक देशांत जातो. डोळ्याच्या ऑपरेशनला लागणारे टाके, ब्लेड आणि औषधंही ती बनवते. काचबिंदूत डोळ्यातला दाब कमी करणारं तिचं एक छोटं उपकरण तशाच परदेशी उपकरणापेक्षा बरंच स्वस्त आहे.

योगायोगानं सरकारी धोरणही याच काळात बदललं. १९९४ ते २००२ दरम्यान जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदू निर्मूलनाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. महाराष्ट्र त्यातलं एक राज्य. या काळात सरकारी ऑपरेशन्सही चष्म्याकडून भिंगाकडे वळली. देशात स्वस्त भिंग तयार होत असल्यामुळेच हे परवडणारं ठरलं.

स्टेंट आणि भिंग

हृदयाच्या स्टेंटची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे किमती इतक्या चढल्या, की फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारला हस्तक्षेप करून औषध सोडणाऱ्या स्टेंटचा कमाल दर २९,६०० रुपये असा बांधून द्यावा लागला. भिंगाच्या बाबतीत मोठा फरक पाडला तो बाजारात उतरलेल्या एका स्वस्त उत्पादकानं. ऑरोलॅबनंतर इतर भारतीय कंपन्यांनीही भिंगं बनवली आणि स्पर्धेनं किमती आणखी खाली ठेवल्या.

अर्थात प्रश्न पूर्ण संपलेला नाही. भिंगांचेही आता अनेक प्रकार झालेत. कडक भिंगाला मोठा छेद लागतो, घडी होणारं भिंग तीन मिलिमीटरपेक्षा कमी छेदातून आत जातं. जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसावं म्हणून बनवलेली मल्टिफोकल भिंगं तर बरीच महाग असतात. त्यामुळे ऑपरेशनआधी हॉस्पिटल पॅकेजचा तक्ता दाखवतं, तेव्हा त्यात भिंगाची किंमत किती, कंपनी कोणती आणि महागड्या भिंगाचा आपल्या रोजच्या कामाला खरंच उपयोग आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. साध्या भिंगानंही स्वच्छ दिसतं, वाचायला मात्र बहुधा चष्मा लागतो.

डॉ. वेंकटस्वामी ७ जुलै २००६ रोजी गेले. तोपर्यंत अरविंदच्या मोफत विभागातही डोळ्यात भिंग बसवणं ही नेहमीची गोष्ट झाली होती.