छाती आधी, हवा मागून

आषाढात लाखांदूरच्या कोणत्याही बांधीच्या धुऱ्यावर बसलेला बेडूक नीट पाहिला, तर त्याच्या गळ्याखालची कातडी सारखी खालीवर होताना दिसते. त्याला ना बरगड्यांचा पिंजरा, ना श्वासपटल. नाकपुड्यांतून तोंडात हवा घ्यायची, नाकपुड्या मिटायच्या आणि तोंडाचा तळ वर उचलून ती हवा फुप्फुसांत ढकलायची, असा त्याचा श्वास. माणसाचं नेमकं उलट आहे. आपण हवा आत ढकलत नाही. छातीत जागा करतो आणि हवा आपण होऊन आत येते.

श्वसनाच्या अभ्यासात नव्याने पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाचं मनापासून स्वागत करताना ही एकच गोष्ट आधी हातात द्यावीशी वाटते. हवा भरली म्हणून छाती फुगली, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर छाती फुगली म्हणून हवा भरली. लोहाराचा भाता उघडला की हवा जशी खेचली जाते, तशीच. छाती आणि पोट यांच्यामधलं घुमटासारखं श्वासपटल आकुंचन पावून खाली सपाट होतं, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा येते. फुप्फुसाला स्वतःला फुगवणारा एकही स्नायू नाही. दोन पदरी आवरणातल्या द्रवाच्या पातळ थरामुळे ते छातीच्या भिंतीला धरून असतं, आणि भिंत जाईल तिकडे जातं. छातीला भोक पडून त्या पदरांमध्ये हवा शिरली, तर निरोगी फुप्फुसही जागच्या जागी आकसतं. श्वासपटलाला हुकूम देणारी नस मात्र निघते मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून. म्हणून मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जू तुटला की छाती धडधाकट असूनही श्वास थांबतो.

हवेची वाट थोडक्यात सांगता येते. प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते. तिच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात, कारण तिथेच अन्ननलिका टेकलेली असते आणि घास उतरताना तिला जागा लागते. पुढे दोन फाटे फुटतात. उजवा फाटा रुंद, आखूड आणि जास्त उभा. पोराने खेळता खेळता गिळलेला चिंचोका किंवा हरभऱ्याचा दाणा श्वासमार्गात उतरला, तर तो बहुधा उजवीकडेच सापडतो. त्यानंतर सुमारे 23 वेळा फाटे फुटत जाऊन वाट वायुकोशांशी संपते. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते 30 ते 50 कोटी असतात, आणि त्यांतली हवा व रक्त यांच्यातला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. या पडद्यापलीकडच्या केशवाहिन्या मार्सेल्लो माल्पिगी यांना 1661 साली प्रथम दिसल्या, त्याही बेडकाच्याच फुप्फुसात.

धान चुरताना किंवा राइस मिलच्या दारात उभं राहताना उडणारी धूळ याच वाटेने आत जाते. मोठे कण नाकातच अडतात. मधले कण श्वासनलिकेतल्या चिकट थरात रुततात आणि तिथले सूक्ष्म केस तो थर घशाकडे लोटत राहतात. विडीचा धूर नेमका या केसांनाच मंद करतो. सगळ्यात बारीक कण वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि तिथे असे केस नाहीत. धानाच्या तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ही धूळ हलक्यात घेण्याजोगी नाही. तोंडाला दुपट्टा बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक फारशी अडत नाही.

आता ज्यासाठी हा विषय आपल्या भागात शिकलाच पाहिजे, त्याकडे वळतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालन्यूमोनियावर काम केलं. गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्या गावांत हे झालं, तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुष्कळ दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं गेलं: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलं, तर श्वास वेगाने चाललाय. माझ्या मते महाराष्ट्रात शरीरशास्त्राचा इतका नेमका उपयोग फार थोड्या वेळा झाला आहे.

त्यामागचं कारण छातीच्या त्याच नियमात आहे. न्यूमोनियात फुप्फुस कडक होतं, ताणायला जड जातं. बाळ मग छोटे छोटे श्वास भराभर घेतं. आजार वाढला की श्वासपटल आणखी जोर लावतं, आतला दाब आणखी उतरतो, आणि तान्ह्या बाळाच्या मऊ बरगड्या तो ओढा पेलू शकत नाहीत. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर यायचा तो आत खचतो. बाळाला डबा झाला म्हणून आजी पोट उघडून दाखवते, तेव्हा ती हेच दाखवत असते. अशा वेळी मोजत बसू नये, दवाखाना गाठावा.

म्हणूनच या पुस्तकाची सुरुवात रिवाजाप्रमाणे नाकापासून नाही. पहिलं प्रकरण बरगड्या आणि श्वासपटलाचं आहे, नाक-घसा तिसऱ्यात येतो, आणि स्वरयंत्राला, झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या या मुलखात, वेगळं प्रकरण दिलं आहे. दुसरं प्रकरण उघडण्यापूर्वी घरातलं किंवा शेजारचं एखादं शांत झोपलेलं मूल निवडा, झबलं वर करा आणि पोटाकडे पाहत पुरं एक मिनिट श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला 60, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 आणि एक ते पाच वर्षांना 40, या आकड्यांना किंवा त्यांच्यावर पोचलेला श्वास वेगवान धरतात. मिळालेला आकडा वयासह वहीत लिहून ठेवा, पुढच्या प्रकरणात तो लागणार आहे.