ध्यानसाधना व आत्मविचार, वैयक्तिक (भिवंडी परिसर)

वैयक्तिक ध्यानसाधना म्हणजे एकट्याने, ठरलेल्या वेळी, चित्त एका आलंबनावर टिकवण्याचा नित्य अभ्यास. हे आलंबन श्वास असू शकते, नाम असू शकते किंवा केवळ असण्याची जाणीवही असू शकते. आत्मविचार हा त्याचाच पुढचा भाग होय. ज्याला माणूस दिवसभर ‘मी’ म्हणत असतो, तो नेमका कोण, याचा शोध त्यात घेतला जातो. ध्यानाने मन थांबायला शिकते आणि आत्मविचारात ते थांबलेले मन स्वतःकडे वळते. काही संप्रदाय पहिल्यावर भर देतात, काही थेट दुसऱ्यापासून आरंभ करतात. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुका यंत्रमाग आणि गोदामे यांसाठी ओळखला जातो. तरीही याच तालुक्यात तानसा नदीच्या खोऱ्यात गणेशपुरी वसली आहे आणि पडघ्याजवळ सोरगावी विपश्यनेचे केंद्र आहे. आत्मविचाराची विसाव्या शतकातील सर्वांत ठळक मराठी परंपरा इथून जवळच, मुंबईच्या खेतवाडीत, एका विडीच्या दुकानदाराच्या घरात वाढली. अभ्यासाच्या तीन निरनिराळ्या रीती एवढ्या थोड्या अंतरात महाराष्ट्रात क्वचितच आढळतात.

पूर्वपीठिका : भिवंडी तालुक्यातील लोनाडजवळच्या टेकडीत बौद्ध लेणे आहे. तेथून पश्चिमेस साष्टीतील कान्हेरीचा लेणीसमूह शंभरावर लेण्यांचा आहे आणि त्यातील अनेक विहारांत भिक्षूंसाठी खोदलेले दगडी ओटे आजही दिसतात. पावसाळ्यात भ्रमंती थांबवून एका जागी राहायचे आणि अभ्यास करायचा, हा भिक्षूंचा वर्षावासाचा नियम कोकणातल्या पावसाला साजेसाच होता. पुढच्या काळात मराठी मुलखात ध्यानाचा विचार मुख्यतः गीतेच्या सहाव्या अध्यायाभोवती फिरला. चंचल मन अभ्यासाने आणि वैराग्याने आवरते, असे तेथे सांगितले आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतही हीच जोडी आहे. ज्ञानेश्वरांनी या अध्यायावर लिहिताना नाथपंथी कुंडलिनीयोगाचे सविस्तर वर्णन घातले. गीतेत ते मुळी नाही, ही गोष्ट वाचकाने ध्यानात घ्यावी. रामदासांच्या दासबोधात 20 दशक व 200 समास असून ‘मी कोण’ हा प्रश्न त्यात पुनःपुन्हा हाताळला आहे. वारकऱ्यांनी मात्र आसनाचा सारा खटाटोप बाजूला ठेवून हरिपाठासारख्या रोजच्या पठणावर भिस्त ठेवली.

आधुनिक मराठी वाचकाला सर्वांत उपयोगी पडावे असे विवेचन विनोबा भावे यांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत आहे. साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी ध्यानाला तीन गोष्टी आवश्यक मानल्या : चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि सम किंवा मंगल दृष्टी. यांतील दुसरी गोष्ट नवशिक्यांकडून हटकून दुर्लक्षित राहते. दिवसाचे खाणे, बोलणे, झोपणे मोकाट असेल, तर आसनावरच्या वीस मिनिटांना सारा भार पेलत नाही.

गणेशपुरी : ज्यांच्यामुळे हे गाव साधकांना ठाऊक झाले ते नित्यानंद मूळचे केरळकडचे. कान्हनगड व मंगळूर भागात त्यांचे आधीचे वास्तव्य होते. मंगळूरच्या भक्तांनी 1920 च्या दशकात टिपून ठेवलेले त्यांचे उद्गार कन्नडमध्ये ‘चिदाकाश गीता’ या नावाने ग्रथित झाले. 1930 च्या दशकाच्या मध्यास ते वज्रेश्वरी परिसरातून गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळाजवळ, गरम पाण्याच्या कुंडांशेजारी राहू लागले. 8 ऑगस्ट 1961 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांनी प्रवचने दिली नाहीत, पुस्तक लिहिले नाही, संप्रदाय बांधला नाही. लोक येत, समोर बसत आणि उठून जात. या बसण्यालाच दर्शन म्हणत. साधकाच्या दृष्टीने हा नमुना अवघड आहे, कारण त्यात शिकवण्याजोगी कृतीच जवळजवळ नाही. तिथे जाऊन जे मिळाले असे वाटते ते घरी आल्यावर कशाच्या आधाराने टिकवायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. समाधिमंदिरात आजही काही जण दर्शन घेऊन बाहेर पडण्याऐवजी कोपऱ्यात डोळे मिटून बसतात. ती रीत तेव्हाचीच आहे.

नित्यानंदांचे शिष्य मुक्तानंद (1908–82) यांनी याच गोष्टीला पद्धत दिली. 15 ऑगस्ट 1947 ही ते आपल्या दीक्षेची तारीख मानत. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी येवला आणि चाळीसगाव भागात एकांतात साधना केली. ‘चित्शक्तिविलास’ या आत्मकथनात त्या काळातील दृश्ये, शरीराच्या आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आपण वेडे तर होत नाही ना ही भीती यांचे वर्णन आहे. हीच लक्षणे एका ग्रंथात वाचायला मिळाली तेव्हा त्यांना धीर आला. एकट्याने साधना करणाऱ्याला वाचनाचा नेमका उपयोग कुठे होतो, हे या प्रसंगावरून कळते. 1956 साली गणेशपुरीजवळ त्यांचा आश्रम सुरू झाला. 1970 पासून त्यांचे परदेश दौरे झाले आणि पहाटेचे गुरुगीतापठण, मंत्रजप, ठरलेल्या वेळचे ध्यान असा दिनक्रम सिद्धयोग या नावाने जगभर गेला. त्यांच्या मृत्यूनंतर 1983 साली अमेरिकेतील एका नियतकालिकात त्यांच्यावर स्त्री-शिष्यांच्या लैंगिक शोषणाचे आरोप करणारा लेख प्रसिद्ध झाला. संस्थेने ते आरोप मान्य केले नाहीत. साधना व्यक्तीच्या सान्निध्यावर उभी राहते तिथे साधकाने आपली विवेकबुद्धी गहाण ठेवू नये, ही दक्षता आता या विषयावरील कोणत्याही लेखनात घ्यावी लागते.

विपश्यना : सत्यनारायण गोयंका (1924–2013) 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे सरकारी अधिकारी होते. इगतपुरीचे धम्मगिरी हे या परंपरेचे भारतातील मुख्य केंद्र 1976 पासून चालते. भिवंडी तालुक्यातील सोरगावचे धम्म सरिता त्याच परंपरेतले. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी सुमारे दहा तास बसावे लागते आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन पाळले जाते. पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे केवळ निरीक्षण. त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायचे, त्यांना चांगले-वाईट न ठरवता. शुल्क नाही, ज्याला लाभ वाटला त्याने पुढच्यांसाठी दान द्यावे. शिबिर संपल्यावर घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, असे सांगितले जाते. बहुतेकांचा नेम मोडतो तो इथेच. शिबिरात बसवून घेणारी घंटा असते, स्वयंपाक कोणीतरी केलेला असतो, फोन जमा केलेला असतो. घरी यांतले काहीच नसते.

इंचगिरी परंपरा आणि आत्मविचार : सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज (1843–1914) यांच्यापासून हा संप्रदाय वाढला. त्यांचे ठिकाण सीमेपलीकडे विजापूर भागातील इंचगिरी. त्यांच्या शिष्यांत निंबाळचे गुरुदेव रा. द. रानडे जसे होते, तसे सोलापूर जिल्ह्यातील पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराजही (1888–1936) होते. भाऊसाहेबांचा भर दीर्घ नामध्यानावर होता. मुंगी जशी झाडावर पायरीपायरीने चढते, तसा हा पिपीलिकामार्ग. सिद्धरामेश्वरांनी विचाराने थेट फळ गाठणाऱ्या विहंगममार्गाचा पुरस्कार केला. ‘अध्यात्मज्ञानाची गुरुकिल्ली’ या त्यांच्या छोट्या पुस्तकात हा विचार पायऱ्यांनी मांडला आहे. साधकाने प्रथम स्थूल देहात ‘मी’ शोधावा. तो तेथे सापडत नाही. मग इंद्रिये, प्राण, मन, बुद्धी मिळून झालेल्या सूक्ष्म देहात शोधावा. ते सारे बाजूला सारल्यावर उरते ते काहीच न कळण्याचे रितेपण, तो कारणदेह. इथे पोचलेला माणूस बहुधा शोध संपला असे समजून परततो. या रितेपणालाही जाणणारे काहीतरी आहे, ही जाणीव म्हणजे महाकारणदेह. आणि तीही अखेरची नाही.

सिद्धरामेश्वरांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (1897–1981), मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. मुंबईत जन्म, सिंधुदुर्गातील कांदळगावी बालपण, पुढे मुंबईत विडीचे दुकान, संसार, मुले. 1933 साली एका मित्राने त्यांना गुरूंकडे नेले. ‘मी आहे’ एवढ्या जाणिवेला धरून राहावे आणि तिला चिकटलेले नाव, नाते, धंदा असे काही आपले मानू नये, अशी शिकवण त्यांना मिळाली. गुरू गेल्यावर 1937 साली ते घर सोडून निघाले, पण वर्षभरात परतून पुन्हा दुकानात बसले. खेतवाडीतील घराच्या माळ्यावर त्यांचे संवाद मराठीतच चालत आणि परदेशी पाहुण्यांसाठी कोणीतरी भाषांतर करी. मूळच्या पोलिश मॉरिस फ्रीडमन यांनी त्यातील संवाद इंग्रजीत आणले. 1973 साली मुंबईच्या चेतना प्रकाशनाने ते प्रसिद्ध केल्यावर या माळ्याकडे जगभरातून लोक येऊ लागले. विचाराचा इतका कडक पुरस्कर्ता असूनही महाराज रोजची भजने शेवटपर्यंत करीत. केवळ ग्रंथ वाचून आत्मविचाराला लागणारे वाचक नेमकी हीच बाजू विसरतात. तिरुवन्नामलैच्या रमण महर्षींचा (1879–1950) ‘मी कोण’ हा प्रश्न आणि ही परंपरा यांत साम्य पुष्कळ आहे. मात्र रमणांकडे गुरुपरंपरेची चौकट नव्हती.

घरचा अभ्यास : भिवंडी शहरात यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची असते, ती आठवड्याआठवड्याला दिवसाची रात्र होते, आणि मागांचा खडखडाट गल्लीतल्या घरांतही ऐकू येतो. अशा ठिकाणी ब्राह्ममुहूर्ताचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. घड्याळापेक्षा दिनक्रमातील एखादी न चुकणारी घटना धरावी : उठल्यावर तोंड धुतले की, किंवा पाळीवरून आल्यावर आंघोळ झाली की. कोणती पद्धत निवडली यापेक्षा बसण्याची वेळ किती पक्की आहे, यावर अभ्यास टिकणे जास्त अवलंबून असते. आरंभी दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. मांडी घालून पाठ सरळ ठेवावी. गुडघे दुखत असल्यास खुर्ची चालते. आवाजाशी भांडू नये. माग चालू असताना त्यांचा एकसुरी नाद हेच आलंबन करता येते आणि वीज गेल्यावर अचानक पडणारी शांतता ध्यानाला उलट जड जाते. मन भरकटले हे कळणे ही अभ्यासाची चूक मानण्याचे कारण नाही. तो त्याचा गाभाच आहे. परतून आणण्याच्या प्रत्येक खेपेने सवय घट्ट होते. जेवणानंतर लगेच किंवा जागरणानंतर बसल्यास झोप येते. अशा वेळी डोळे अर्धे उघडे ठेवावेत किंवा सरळ झोपावे.

भिवंडी शहराच्या निम्म्याहून अधिक लोकवस्तीला मुसलमान परंपरेतले मार्ग जवळचे आहेत. सूफींचा जिक्र नामस्मरणाशी आणि मुराकबा ध्यानाशी जुळतो. दिवसभरातल्या कृतींचा आणि हेतूंचा स्वतःशी हिशेब घेणे, म्हणजे मुहासबा, याचा आठव्या-नवव्या शतकातील थोर भाष्यकार बगदादचा हारिस अल-मुहासिबी हा होय. नमाजाच्या पाच वेळा पाळणाऱ्याला बसण्याची वेळ वेगळी शोधावी लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

आत्मविचार ध्यानाच्या अखेरीस, मन थोडे निवल्यावर करावा. राग आला असेल तर ‘राग का आला’ या प्रश्नात शिरू नये. त्यातून तक्रारींची यादी तेवढी वाढते. राग कोणाला आला, आणि ज्याला आला तो या क्षणी कुठे सापडतो, हे पाहावे. उत्तर शब्दांत देण्याची घाई नको, कारण पाठ केलेले ‘मी ब्रह्म आहे’ हे उत्तर शोध तिथेच थांबवते. वहीत दोन-चार ओळींची नोंद ठेवल्यास महिन्याभराने आपल्याच मनाच्या पुनरावृत्ती दिसू लागतात. अनुभवांची नोंद मात्र बेताने करावी. प्रकाश दिसला, अंग हलके झाले असे लिहीत गेले की मन तेच मागू लागते.

धोके : दीर्घ किंवा तीव्र साधनेत काही जणांना निद्रानाश, घबराट, भूतकाळातील आघात उफाळून येणे किंवा सभोवतालाबद्दल परकेपणा वाटणे असे त्रास होतात. असे झाल्यास बसण्याचा वेळ कमी करावा, डोळे उघडे ठेवून चालावे, हातांनी करण्याचे काम घ्यावे. त्रास टिकल्यास डॉक्टरांना भेटावे. ‘मी देह नाही’ हा विचार नैराश्यात असलेल्या माणसाला सावरण्याऐवजी आणखी खोल नेऊ शकतो. मानसिक आजारावरील औषधे साधनेच्या भरवशावर थांबवू नयेत. विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराचा इतिहास आणि चालू औषधे विचारलेली असतात, ती याच कारणाने.