एइबार : उसन्या नावांच्या पिस्तुलांचे गाव

बंदुका आणि पिस्तुले यांचा इतिहास बहुधा मोजक्या नावांभोवती सांगितला जातो. अमेरिकेचे कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन, जर्मनीचे मौझर, बेल्जियममध्ये घडवली गेलेली ब्राउनिंगची पिस्तुले ही नावे या व्यवसायाशी संबंध नसलेल्या वाचकालाही ठाऊक असतात. पहिल्या महायुद्धात ज्या गावाने एकट्या फ्रान्सला 7 लाखांहून अधिक पिस्तुले पुरवली, त्या एइबारचे नाव मात्र शस्त्रसंग्राहकांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही, आणि त्या वर्तुळातही ते दीर्घकाळ स्वस्त नकलांचे गाव म्हणूनच घेतले गेले. हा दोषारोप निराधार नाही. तथापि ज्या उत्पादनपद्धतीमुळे एइबारच्या मालाला ही अपकीर्ती चिकटली, तिनेच त्या गावाला शस्त्रांची बाजारपेठ कोसळल्यानंतरही तगवले, ही गोष्ट केवळ पिस्तुलांच्या गुणवत्तेवरून इतिहास जोखणाऱ्यांच्या नजरेतून निसटते.

एइबार हे स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतात, एगो नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात वसलेले गाव आहे. शेतीला पुरेशी सपाट जमीन येथे नव्हती. मात्र लोखंडाचे उत्तम खनिज जवळपास मिळत होते, कोळशासाठी डोंगरउतारांवर जंगल होते आणि भट्टीचे भाते व घण चालवण्यासाठी वाहत्या पाण्याचा जोर होता, त्यामुळे मध्ययुगापासूनच या परिसरात लोखंड गाळण्याचा आणि घडवण्याचा धंदा रुजला. 16व्या शतकात स्पेनच्या राजसत्तेने आपल्या सैन्यासाठी येथून हत्यारे घेण्याची कायमची व्यवस्था लावली. तिचे केंद्र शेजारच्या सोरालुसे या गावी होते, आणि त्या गावाचे स्पॅनिश नावच ‘प्लासेन्सिया दे लास आर्मास’, म्हणजे शस्त्रांचे प्लासेन्सिया, असे पडले. या व्यवस्थेला राजाचा कारखाना असे म्हटले जात असले, तरी एका छपराखाली चालणारा कारखाना तेथे नव्हता. नळी घडवणारे, चापाची यंत्रणा बनवणारे, लाकडी दस्ता कोरणारे आणि उरलेले किरकोळ धातुकाम करणारे असे कारागिरांचे चार संघ होते. प्रत्येक कारागीर आपापल्या घरी किंवा छोट्या कार्यशाळेत एकच भाग तयार करी, तो भाग तपासणीसाठी राजाच्या कोठारात जाई आणि पसंत पडल्यावरच त्याचे पैसे हाती येत. अशा रीतीने एकाच बंदुकीवर अनेक घरांतील हातांचे काम होई, आणि बंदुकीवरील सरकारी छाप हीच तिची ओळख ठरे.

ही संघटना ज्यांना परकी वाटेल, त्यांनी इचलकरंजीच्या यंत्रमाग व्यवसायातील ‘खर्चीवाला’ डोळ्यांसमोर आणावा. व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या त्या छोट्या मागवाल्याचे नाव जसे कापडाच्या ताग्यावर येत नाही, तसेच एइबारच्या नळीकाराचे किंवा चापकाराचे नाव बंदुकीवर येत नसे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कारागिरांच्या संघांची मक्तेदारी संपली आणि व्यवसाय खुला झाला, तरी घरोघरी विभागलेल्या कामाची ही घडी मोडली नाही. सरकारी कोठाराची जागा खाजगी उद्योजकाने घेतली, एवढाच काय तो फरक पडला. हा उद्योजक सुटे भाग बाहेरून करवून घेई, ते आपल्या कार्यशाळेत जुळवी आणि त्यावर आपला किंवा गिऱ्हाईक सांगेल तो शिक्का उमटवी. 1840 मध्ये ओर्बेआ भावंडांनी स्थापन केलेली कंपनी ही अशा उद्योजकांपैकी सर्वांत मोठी ठरली.

याच काळात एइबार नकलांकडे वळले, आणि त्यामागे कारागिरांच्या वृत्तीपेक्षा कायद्याचा वाटा अधिक होता. एखाद्या परदेशी संशोधकाने स्पेनमध्ये पेटंट, म्हणजे आपल्या शोधावरील उत्पादनाचा एकाधिकार, मिळवला, तरी ठरावीक मुदतीत त्या वस्तूचे उत्पादन स्पेनमध्ये सुरू केले नाही, तर तो अधिकार संपुष्टात येई. देशी उद्योगाला उत्तेजन मिळावे, हा या तरतुदीचा हेतू होता. अमेरिकी किंवा बेल्जियन कंपन्यांना स्पेनमध्ये कारखाने उभारण्याचे प्रयोजन नव्हते, त्यामुळे त्यांच्या रचना एइबारच्या कारागिरांना विनाअडथळा उपलब्ध झाल्या. प्रथम लफोशे पद्धतीची, मग स्मिथ अँड वेसन पद्धतीची रिव्हॉल्वरे आणि पुढे ब्राउनिंगच्या रचनेवरून केलेली स्वयंभरण पिस्तुले, म्हणजे एक गोळी सुटताच पुढचे काडतूस आपोआप नळीत भरणारी पिस्तुले, येथून दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊ लागली. त्यांना ‘डिस्ट्रॉयर’, ‘व्हिक्टोरिया’, ‘रॉयल’, ‘मार्शियन’ अशी परभाषी आणि झोकदार नावे दिली जात. त्रोकाओला, अरान्साबाल या कंपनीने तर आपल्या आद्याक्षरांची गुंफण अशी केली होती, की घाईत पाहणाऱ्याला ती स्मिथ अँड वेसनच्या मुद्रेसारखीच भासावी.

नकलांचे हे गाव त्याच काळात अस्सल कलाकृतीही घडवत होते. एउसेबियो सुलोआगा (1808–1898) हे स्पेनच्या राजदरबाराचे शस्त्रकार होते आणि त्यांचे पुत्र प्लासिदो (1834–1910) यांनी एइबारमध्ये पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी करण्याची कला परमोच्च अवस्थेला नेली. भारतात ज्या कामाला कोफ्तगिरी म्हणतात, त्याच जातीचे हे काम आहे. पोलादाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म आडव्या-उभ्या रेघा ओढून तो खरबरीत केला जातो, मग त्यावर सोन्याची बारीक तार हातोडीने बसवली जाते आणि रेघांच्या दातऱ्यांत ती पक्की रुतते. बंदुकीच्या नळ्या आणि पिस्तुलांचे दस्ते सजवणारा हा हात पुढे फुलदाण्या, पेट्या आणि स्मारके यांवर फिरला. स्पेनचे सेनानी व पंतप्रधान जनरल प्रिम यांची शवपेटिका ही प्लासिदो यांच्या कार्यशाळेची सर्वांत ख्यातनाम निर्मिती होय. विख्यात चित्रकार इग्नासियो सुलोआगा हे त्यांचे पुत्र, आणि त्यांचा जन्मही 1870 मध्ये एइबारमध्येच झाला. कौशल्याचा अभाव हे नकलांचे कारण नव्हते, एवढे यावरून उघड होते. स्वस्त माल मागणाऱ्या बाजाराला एइबार स्वस्त माल देत होते.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि या गावाचे प्रमाणच बदलले. बेल्जियमवर जर्मनीचा ताबा आल्यामुळे तेथील कारखान्यांची पिस्तुले दोस्त राष्ट्रांना मिळेनाशी झाली, फ्रान्सचे स्वतःचे कारखाने रायफलींच्या उत्पादनात गुंतले होते, आणि खंदकांतील लढाईत तर आखूड हत्याराची गरज वाढत चालली होती. गाबिलोन्दो इ उर्रेस्ती या एइबारच्या कंपनीने ब्राउनिंगच्या 1903 च्या रचनेवरून ‘रुबी’ नावाचे 7.65 मिलिमीटर व्यासाचे, 9 काडतुसे मावणारे पिस्तूल बाजारात आणले होते. 1915 मध्ये फ्रेंच सैन्याने ते स्वीकारले आणि दरमहा 10,000 नगांची मागणी नोंदवली, जी लवकरच 30,000 पर्यंत गेली. एवढे उत्पादन एकट्या कंपनीच्या आवाक्याबाहेर असल्याने तिने परिसरातील इतर चार कारखान्यांशी करार करून प्रत्येकाकडून दरमहा किमान 5,000 पिस्तुले घेण्याचे ठरवले. तेही अपुरे पडले, तेव्हा फ्रेंचांनी इतरांकडे थेट मागणी नोंदवली, आणि अखेर 40हून अधिक कारखानदार ‘रुबी’च्या जातीचे पिस्तूल बनवू लागले.

यातील प्रत्येकाने ते आपल्या साच्यांनी, आपल्या मापांनी आणि आपल्या कानशीने घडवले. त्यामुळे वरवर जुळ्या दिसणाऱ्या दोन पिस्तुलांची मॅगझिने, म्हणजे काडतुसे भरण्याच्या पेट्या, एकमेकांत बसत नसत, आणि आघाडीवरील सैनिकासाठी हा दोष जीवघेणा ठरू शकत होता. यावर उपाय म्हणून पिस्तुलाच्या सांगाड्यावर आणि मॅगझिनच्या तळाशी लंबवर्तुळात निर्मात्याची दोन आद्याक्षरे कोरण्याची पद्धत आली. गाबिलोन्दो इ उर्रेस्तीसाठी ‘जीयू’ ही अक्षरे होती. कामाच्या विभागणीत पुसला गेलेला कारागिराचा माग सैन्याच्या सोयीसाठी असा पुन्हा कोरला गेला. अनेक रुबी पिस्तुलांच्या डाव्या अंगावर, नळीच्या टोकाकडे, एक छोटी घुंडी ठोकून बसवलेली आढळते. म्यानात सरकवताना किंवा बाहेर काढताना चामड्याच्या घासण्याने सुरक्षेचा खटका आपोआप उघडू नये, म्हणून म्यानाचे चामडे थोडे दूर धरण्यासाठी ती बसवली होती. मूळ रचनेतील उणीव युद्धाच्या धामधुमीत रचना न बदलता कशी सावरली गेली, हे त्या घुंडीवरून दिसते.

ब्रिटिशांचीही अशीच अडचण झाली. 1915 च्या अखेरीस त्यांनी गाराते, अनितुआ आणि त्रोकाओला, अरान्साबाल या दोन एइबारी कंपन्यांची .455 इंच व्यासाची रिव्हॉल्वरे अधिकृतपणे स्वीकारली. ज्या कंपनीची मुद्रा अमेरिकी मुद्रेचा आभास निर्माण करी, तिचेच हत्यार ब्रिटिश सैन्याच्या अधिकृत यादीत आले, ही बाब लक्षणीय आहे. नक्कल म्हणून हिणवला जाणारा माल आणीबाणीत प्रमाण मालाच्या रांगेत बसू शकत होता.

युद्ध संपताच मागणी आटली आणि वाढवलेली उत्पादनक्षमता अंगावर आली. काही कारखानदारांनी चीनची बाजारपेठ धरली. तेथील लष्करी सरदारांना मौझर पद्धतीची मोठी पिस्तुले हवी होती, ती बेइस्तेगी बंधू आणि उन्सेता यांच्या कंपन्यांनी पुरवली. खुद्द स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर मालक आणि कामगार संघटना यांच्या मारेकऱ्यांमध्ये गोळीबाराचे सत्र चालू होते, त्यामुळे पिस्तूल ही वस्तूच सरकारच्या नजरेत संशयास्पद ठरली होती. 1920च्या दशकात शस्त्रांची अधिकृत चाचणी, म्हणजे नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून नळी टिकते की नाही हे पाहून छाप मारण्याची पद्धत, सक्तीची झाली. या तिहेरी दबावाखाली अनेक छोटे कारखाने बंद पडले.

तरीही कारागीर बेकार होऊन विखुरले नाहीत, आणि एइबारच्या इतिहासातील हा भाग सर्वाधिक अभ्यासण्याजोगा आहे. ज्याला पोलादाची नळी सरळ राखता येते, बारीक भाग जुळवता येतो आणि अनेक घरांतून आलेले सुटे भाग एकत्र जोडण्याची सवय आहे, त्याला सायकल परकी नव्हती. 1909 मध्ये शस्त्रांसाठी स्थापन झालेली बेइस्तेगी बंधूंची कंपनी 1920च्या दशकात ‘बीएच’ या नावाने सायकली बनवू लागली, आणि 1935 मध्ये स्पेनच्या ‘व्हुएल्ता’ या सायकल शर्यतीची पहिली आवृत्ती बेल्जियमच्या गुस्ताफ देलोर यांनी याच कंपनीच्या सायकलीवर जिंकली. ओर्बेआ आणि गाराते, अनितुआ या कंपन्याही सायकलींकडे वळल्या. 1920 मधील संपानंतर समाजवादी कामगारांनी ‘आल्फा’ नावाची सहकारी संस्था काढली. तिने आरंभी बंदुका केल्या आणि काही वर्षांतच शिवणयंत्रे हाती घेतली. तोरिबियो एचेव्हेर्रिया हे तिचे प्रमुख सूत्रधार होते. 1913 मध्ये सुरू झालेली शस्त्रविद्येची शाळा या स्थित्यंतराला पूरक ठरली, कारण नावात शस्त्र असले तरी तेथे शिकवले जात होते ते यंत्रकाम.

कामगारांच्या या संघटित परंपरेमुळेच 14 एप्रिल 1931 रोजी स्पेनच्या दुसऱ्या प्रजासत्ताकाची घोषणा सर्वप्रथम एइबारमध्ये झाली. पुढे यादवी युद्धात, 1937 च्या एप्रिलमध्ये, हे गाव बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झाले आणि बंडखोर सेनानी फ्रँको यांच्या फौजांच्या हाती पडले. विजयी राजवटीने पिस्तुलांचे उत्पादन तीनच कंपन्यांपुरते मर्यादित केले : बोनिफासियो एचेव्हेर्रिया यांची ‘स्टार’, गाबिलोन्दोंची ‘यामा’ आणि एइबारमध्ये जन्मून 1913 मध्ये गेर्निका येथे गेलेली उन्सेता यांची ‘आस्त्रा’. या तिघींनी स्वतःच्या नावाने दर्जेदार पिस्तुले घडवली. ‘आस्त्रा 400’ तर 1921 मध्येच स्पॅनिश सैन्याचे अधिकृत पिस्तूल झाले होते. मात्र ‘स्टार’ आणि ‘आस्त्रा’ 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या आणि त्यानंतर काही वर्षांत ‘यामा’चाही शेवट झाला.

या शेवटाची तुलना सायकलींशी केली, तर एइबारबद्दलचा प्रचलित निवाडा अपुरा का आहे, हे ध्यानात येते. राज्याच्या आज्ञेने केंद्रित झालेले आणि स्वतःची ठळक नाममुद्रा असलेले तिन्ही पिस्तूल-कारखाने एकाच वस्तूवर विसंबले आणि त्या वस्तूबरोबर संपले. उलट नळी, चाप आणि दस्ता यांच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या विभागलेल्या, निनावी राहिलेल्या कारागिरांच्या विणीतून निघालेल्या ‘ओर्बेआ’ आणि ‘बीएच’ या कंपन्या आजही सायकली विकत आहेत. त्यांपैकी ओर्बेआचे 1969 मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेत रूपांतर झाले. शिकारीच्या दुनळी बंदुका हाताने घडवणाऱ्या मोजक्या कार्यशाळाही एइबारच्या परिसरात टिकून आहेत, आणि इंग्लंडच्या महागड्या बंदुकांच्या धर्तीवर केलेले त्यांचे काम जाणकार आवर्जून घेतात. म्हणून एइबारचे मोल रुबी पिस्तुलाच्या न बसणाऱ्या मॅगझिनवरून ठरवणे अन्यायाचे आहे. ते मॅगझिन ज्या पद्धतीमुळे बसत नव्हते, त्याच पद्धतीमुळे गावाला पिस्तुलाशिवाय जगता आले.