यमूपासून रीटापर्यंत : मराठी प्रेमकादंबरीतला न दिसणारा जाच

आपली पत्नी रखमाबाई नांदावयास येत नाही, सबब तिला आपल्या स्वाधीन करावे, अशी फिर्याद दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दाखल केली, आणि त्या कज्ज्याने पुढची चार वर्षे सबंध महाराष्ट्र ढवळून काढला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या वाढल्या, शिकल्या, आणि ज्याच्याविषयी मनात आदर नाही अशा माणसाच्या घरी केवळ अजाणपणी अक्षता पडल्या म्हणून आपण जाणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. न्यायमूर्ती पिन्ही यांना अशी सक्ती निर्दयपणाची वाटली व त्यांनी १८८५ मध्ये फिर्याद काढून टाकली. परंतु अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. अखेर १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. धर्मशास्त्र, वहिवाट आणि विलायतेतील कायदा यांचा एवढा खल झाला, तरी जिला त्या घरात जन्म काढावयाचा तिच्या मनाचे काय होईल, या प्रश्नाला अखेरच्या निकालात वजन उरले नाही.

सरकारदरबारी ज्या दुःखाची नोंद झाली नाही, त्याची पहिली विश्वसनीय नोंद मराठी कादंबरीने ठेवली, असे माझे मत आहे. आणि ती नोंद प्रामुख्याने प्रेमकथेच्या पोटात ठेवली गेली, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात जेवढ्या ठळकपणे सांगितली जावी तेवढी सांगितली गेलेली नाही. मारहाणीचा वळ शेजारी पाहू शकतो, पंच पाहू शकतात. पण टोमणा, अबोला, धाक, चारचौघांत केलेला पाणउतारा, माहेरच्या माणसांचा उद्धार आणि 'तुला काय कळते?' हा दिवसातून दहा वेळा ऐकावा लागणारा प्रश्न, यांचा साक्षीदार बहुधा ती सोसणारी एकटीच असते. जात्यावर बसलेल्या बायकांनी सासुरवासाची ही हकीकत ओव्यांतून शतकानुशतके सांगितली खरी, पण ती पहाटेच्या अंधारात, एकमेकींपुरती. छापील अक्षरांतून ती पुरुषांच्या बैठकीपर्यंत जावयास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आरंभ बाबा पदमनजींनी केला. १८५७ च्या 'यमुनापर्यटना'त विधवांची दुःस्थिती एका प्रवासी जोडप्याच्या नजरेतून दिसते. हेतू उदात्त आहे, परंतु दुःख सांगणारी आणि ते ऐकणारी यांच्यामध्ये धर्मोपदेशकाचा आवाज सतत उभा असतो. त्यानंतर 'मुक्तामाला' आली, 'मंजुघोषा' आली, आणि राजपुत्र, राजकन्या, कारस्थाने, वियोग व पुनर्मीलन यांच्या अद्भुत दुनियेत कादंबरी रमून गेली. तेथे नायिकेला संकटे पुष्कळ, पण ती बाहेरून, दुष्टांकडून येणारी. घरातल्याच माणसाकडून रोज थोडे थोडे मारले जाणे त्या दुनियेत संभवतच नव्हते.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले, तेव्हा ते अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्याच पत्रातून आठवड्यामागून आठवडा 'पण लक्षात कोण घेतो?' प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ पर्यंत चालली. पदमनजींच्या नायिकेप्रमाणे ही नायिकाही यमुनाच. पण पहिल्या यमुनेविषयी लेखक बोलतो, दुसरी यमू स्वतः बोलते. तिच्या शब्दांत ना व्याख्यान आहे, ना आक्रोश. वडील घरात आले की बोलणे कसे थांबे, आई काय गिळून टाकी, सासरी कोणते शब्द कोणाला उद्देशून पण कोणाच्या अंगावर टाकले जात, हे ती एखाद्या जाणत्या मुलीने मैत्रिणीला सांगावे तसे सांगत जाते. आणि तिची मैत्रीण दुर्गी, वाईट चालीच्या नवऱ्याशी गाठ पडलेली, या कथेत पुन्हा पुन्हा येऊन वाचकाला आठवण देते की यमूचे घर हे अपवादात्मक दुष्टांचे घर नव्हे.

आणि तरीही ही प्रेमकथा आहे. हे विसरले जाते म्हणून आग्रहाने सांगतो. यमू आणि रघुनाथराव यांचे लग्न इतरांनी ठरविले, परंतु त्यांचे प्रेम त्यांनी स्वतः मिळविले. वडिलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोने एकमेकांशी बोलणे हा ज्या काळी निर्लज्जपणा गणला जाई, त्या काळी नवऱ्याने बायकोला वाचावयास शिकविणे, तिचे मत विचारणे, आणि मुंबईच्या बिऱ्हाडात दोघांनी मोकळेपणी हसणे-बोलणे, या घटना हरिभाऊंनी इतक्या हळुवारपणे रंगविल्या आहेत की पुढच्या पन्नास वर्षांतल्या बागबगीच्यांतल्या प्रणयप्रसंगांहून त्या मला अधिक प्रेममय वाटतात. वाचक या जोडप्याच्या प्रेमात पडतो, आणि म्हणूनच पतीच्या मृत्यूनंतर सासरच्या शंकरमामंजींच्या घरात तिचे जे होते, तिचे केशवपन ज्या सक्तीने घडते, ते त्याला असह्य होते. प्रेम कसे असू शकते हे ज्याने आधी पाहिले, त्यालाच जाच म्हणजे काय हे खरे उमगते. हरिभाऊंची ही रचना केवळ कलादृष्टीने श्रेष्ठ आहे एवढेच नव्हे. अनुकंपा कशी जागवावी याचे तीत जे ज्ञान आहे ते त्या काळच्या कोणत्याही सुधारकी निबंधात मला आढळले नाही. काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी हरिभाऊंचा दीर्घ स्नेह व पत्रव्यवहार होता; स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय त्यांना होती, आणि ती सवय पानोपानी जाणवते.

पुढचा काळ ना. सी. फडक्यांचा. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' या कादंबऱ्यांनी सुशिक्षित तरुण-तरुणींना प्रेम या गोष्टीवर उघडपणे बोलण्याची भाषा दिली, आणि त्याबद्दल मराठी वाचकाने त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण या घाटाच्या कादंबरीत नायक-नायिकेच्या मार्गातील गैरसमज दूर झाले की कथा संपते, आणि सासुरवास जेथून सुरू होतो त्या उंबरठ्यावर ग्रंथ मिटतो. हरिभाऊंनी उघडलेले दार असे काही वर्षे लोटलेलेच राहिले.

ते पुन्हा उघडले एका टोपणनावाने. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. लेखिका म्हणून नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींची मने त्यात अशा निर्भीडपणे उघड झाली होती की मोठे वादळ उठले. या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, आहेत हे नंतर लोकांना कळले. मुलगी मिळवती झाली की आईबापांचे प्रेम हळूच कसे हिशेबी होते, तिचे लग्न लांबले तर ते घराच्या सोयीचेच कसे ठरते, हे लिहिणे १९३३ साली फार धैर्याचे होते. कारण येथे छळणारी सासू नव्हती, होती जन्मदात्यांची माया.

शिरूरकरांचीच १९३४ ची 'हिंदोळ्यावर' ही मात्र सरळ प्रेमकादंबरी. अचला नवऱ्यापासून वेगळी राहते, विरागवर प्रेम करते, आणि त्याच्याबरोबर राहण्याचा निर्णय घेते. तिच्यापुढे दुसरा मार्ग काय होता, हे समजण्यास त्या वेळचा कायदा पाहावा लागतो. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. पण मुंबई इलाख्यात तसा कायदा येण्यास १९४७ साल उजाडले. ज्या जातींत रूढीने काडीमोड चाले त्या सोडल्या, तर लग्न कितीही मोडलेले असो, स्त्रीला त्यातून सुटण्यास कायदेशीर वाटच नव्हती. अचलेच्या वर्तनावर त्या काळी जो गहजब झाला, त्यातील किती जणांनी हे ध्यानात घेतले असेल? गीता साने यांनी त्याच दशकात 'निखळलेली हिरकणी'सारख्या कादंबऱ्यांतून विवाहसंस्थेलाच प्रश्न विचारले. त्यांचे लेखन आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे, आणि हा आपला करंटेपणा आहे.

कायदा मागाहून, थांबत थांबत आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेच्या कारणावरून न्यायिक विभक्तता मिळे. त्याच कारणावरून घटस्फोट मिळण्यास १९७६ ची दुरुस्ती व्हावी लागली. १९८३ मध्ये दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले, आणि शारीरिक इजेबरोबर मानसिक इजेचाही त्यात उल्लेख झाला.

१९९० साली शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' प्रसिद्ध झाली. या परंपरेतल्या ज्या कादंबरीने मला पुरते जिंकले, ती ही. कथा उघडते तेव्हा रीटा मनाने कोसळून रुग्णालयात पडलेली आहे. ऐपतीबाहेर राहू पाहणाऱ्या आईवडिलांचा संसार तिने थोरली म्हणून उचलला, धाकट्या बहिणींचे केले. आणि कचेरीतले वरिष्ठ, विवाहित साळवी, यांच्यावर वर्षानुवर्षे प्रेम केले. साळवी खलपुरुष नाहीत. ते जगासमोर तिला आपली म्हणत नाहीत, एवढेच. त्यांच्या सवडीची वेळ हीच तिची वेळ, त्यांची अडचण हाच तिचा कायदा. आणि या व्यवहारात कोणी कोणाला वाईट शब्द बोलत नसतानाही एका बुद्धिमान स्त्रीचा स्वतःवरचा विश्वास कसा झिजत जातो, हे लेखिकेने आठवणींच्या तुटक तुकड्यांतून दाखविले आहे. 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या मिळवत्या मुलीचे पुढे काय झाले असेल, याचे उत्तर मला येथे सापडले. आणि रीटाचे सावरणे कोणा नव्या प्रियकराच्या हातून होत नाही. मैत्रिणीच्या सोबतीने, स्वतःचा भूतकाळ स्वतः वाचून ती उठते. सत्तावन्न वर्षांचे अंतर असलेल्या या दोन पुस्तकांतला धागा मला फार मोलाचा वाटतो. याच कादंबरीवरून २००९ मध्ये रेणुका शहाणे यांनी 'रीटा' हा चित्रपट केला.

आज कॉलीन हूव्हर यांची २०१६ सालची 'इट एंड्स विथ अस' ही अमेरिकन कादंबरी मराठी घरांतल्या मुलीही वाचतात. प्रेम आणि दहशत ही दोन्ही एकाच माणसाकडून मिळत असताना बाईने काय करावे, हा तिचा विषय. लेखिकेने त्यात स्वतःच्या आईच्या आयुष्याचा आधार घेतला आहे. ती वाचून जिचे काळीज हलले त्या मुलीला माझे सांगणे आहे की तिने ते भाबडेपण समजून झटकू नये, आणि लगोलग आपल्या भाषेतली 'रीटा वेलिणकर' मागवावी, मग 'हिंदोळ्यावर', आणि मग, भाषेच्या जुनेपणाला न बिचकता, यमूची हकीकत. वडीलमंडळींनीही 'प्रेमाची पुस्तके' म्हणून ती तिच्या हातून काढून घेऊ नयेत. अपमान, उपहास, मूल किंवा मुलगा नाही म्हणून केलेली हेटाळणी, यांना शाब्दिक व भावनिक छळ म्हणून स्पष्टपणे नमूद करणारा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला; यमूची हकीकत छापून तेव्हा एक शतकाहून अधिक काळ लोटला होता.