काचकपाटांची साक्ष : भायखळ्याच्या संग्रहालयाची अंतर्गत मांडणी

वस्तुसंग्रहालयाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा संग्रहाकडे जाते. दालन, कपाट, कठडा, फरशी यांची नोंद वास्तुवर्णनाच्या एखाद्या परिच्छेदात आटोपते. मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. तेथे दालनाची मांडणी हाच एक बोलका दस्तऐवज आहे.

या संस्थेचा आरंभ कोटातील टाऊन बॅरॅक्समध्ये झाला. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत ती जागा लष्कराला हवी झाली. संग्रह घाईने हलवावा लागला आणि त्याची हानी झाली. पुढे जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी नव्या इमारतीसाठी खटपट केली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ लोकांसाठी खुले झाले.

मूळ कल्पना आर्थिक संग्रहालयाची होती : या भूमीत काय पिकते, काय खणून निघते, कारागिरांच्या हातून काय घडते, याचे नमुने व्यापाराच्या दृष्टीने एकत्र मांडावयाचे. अशा हेतूला खरे तर वखारीसारखी साधी, कोरडी जागा पुरली असती. उभे राहिले ते मात्र दरबाराला शोभेल असे दालन. ओतीव लोखंडाचे स्तंभ, नक्षीदार कठडे, सोनेरी मुलामा, मिंटन फरशी, आणि मध्यभागी मॅथ्यू नोबल याने घडविलेला प्रिन्स अल्बर्टचा पुतळा. नमुना पाहण्यास आलेल्याने आधी सत्तेचे वैभव पाहावे, अशीच ही योजना दिसते. मराठीत संग्रहालयाला ‘अजबखाना’ हा शब्द रूढ होता. वर्गीकरणापेक्षा नवल पाहण्यास येणाऱ्या प्रेक्षकाची नजर त्या शब्दात अधिक नेमकी पकडली गेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर ज. जी. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाची धुरा आली. त्या काळापासून मातीच्या छोट्या प्रतिकृतींना महत्त्व आले. नाना जातिजमाती, त्यांचे पोशाख, व्यवसाय, ग्रामजीवन काचेआड बसले. कारागिरी विलक्षण सूक्ष्म आहे, यात शंका नाही. परंतु ज्या कपाटांत धान्याचे व खनिजांचे नमुने ठेवण्याची कल्पना होती, तशाच कपाटांत आता माणसेही नमुना म्हणून उभी राहिली. पगडीची घडी अचूक उतरली. पगडी घालणाऱ्याचे नाव मात्र कोठेच नाही.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. नाव बदलले, तरी आतील रचना तीच राहिली आणि देखभालीअभावी जीर्ण होत गेली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक यांच्यात करार होऊन जीर्णोद्धार सुरू झाला. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखालील या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला, आणि २००८ मध्ये दालने पुन्हा उघडली.

पांढऱ्या भिंती आणि तटस्थ प्रकाश ही आधुनिक प्रदर्शनाची ठरीव रीत येथे सहज स्वीकारता आली असती. तसे न करता जुनी कपाटे व मुलामा राखला गेला, हा निर्णय योग्यच होता. कारण कपाटे काढली असती, तर वसाहतकालीन वर्गीकरणाचा पुरावाच नाहीसा झाला असता. अडचण वेगळी आहे. पुन्हा झळाळलेले सोने प्रेक्षकाला इतके दिपवते की, ही व्यवस्था कोणी आणि कोणासाठी लावली, हा प्रश्न त्याच्या मनात उमटणे अवघड होते. केवळ माहितीफलक वाढवून ती दूर होणारी नाही.

२०१० मध्ये सुदर्शन शेट्टी आणि २०११ मध्ये जितीश कल्लाट यांच्या कलाकृती याच वास्तूत, जुन्या संग्रहाच्या सान्निध्यात मांडण्यात आल्या. नव्या वस्तू शेजारी आल्यावर जुने कपाट पार्श्वभूमी राहिले नाही. तेही पाहण्याची वस्तू झाले.