लाल रंगाची कुळकथा

वांद्र्याच्या एका स्नेह्यांकडे नाताळचे झाड पाहिले. हिरव्या फांद्यांवर नुसते लाल गोळे, मधून सोनेरी झाक. नातीने हौसेने एक निळा गोळा टांगला, तो आजीबाईंनी काढून ठेवला : "आपल्या घरी लाल-सोनेरीच असतं." पोरीचा चेहरा उतरला. मला मात्र या लाल रंगाचे मूळ शोधण्याचा नाद लागला.

तो गोळा म्हणजे मुळात सफरचंद. मध्ययुगीन जर्मनीत २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. एदेन बागेतून त्यांची हकालपट्टी कशी झाली, याचे नाटक होई. नाटकाला फळझाड हवे, आणि ऐन हिवाळ्यात हिरवे असते ते सूचिपर्णी. त्यालाच सफरचंदे बांधीत! पुढे झाड घरात आले. स्ट्रासबुर्गची १६०५ ची एक नोंद आहे : दिवाणखान्यातल्या झाडांवर सफरचंदे, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख, साखर, आणि रंगीबेरंगी कागदाचे गुलाब. लाल-सोनेरी त्यात आहे, हे आजीबाईंच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण रंगीबेरंगीही आहे. एकोणिसाव्या शतकात थुरिंगियातील लाउशा गावच्या कारागिरांनी काच फुंकून गोळे केले, आणि खायचे फळ शोभेचे झाले. १८८२ साली न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी झाडावर विजेचे दिवे लावले, ते तर लाल, पांढरे आणि निळे!

हे सारे मी आजीबाईंना जाऊन सांगितले. त्यांनी मुकाट्याने ऐकले, डबा उघडून निळा गोळा नातीच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "मागच्या बाजूला लाव हं."